जग कसे असावे, हे कोणी ठरवायचे? : रजनी कोठारी यांचा ‘फूटस्टेप्स इन्टू द फ्यूचर’ आणि जागतिक व्यवस्थेविषयीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन सहकार्याची चिकित्सा

सारांश

जागतिक व्यवस्थेच्या भवितव्याविषयी निरनिराळ्या खंडांतील अभ्यासकांनी एकत्र येऊन केलेल्या संशोधनात ‘वर्ल्ड ऑर्डर मॉडेल्स प्रोजेक्ट’ या प्रकल्पाचे स्थान महत्त्वाचे आहे. रजनी कोठारी यांचा ‘फूटस्टेप्स इन्टू द फ्यूचर’ (१९७४) हा या प्रकल्पातील भारतीय ग्रंथ होय. प्रस्तुत लेखात या ग्रंथाची व त्यामागील सहकार्याच्या रचनेची चिकित्सा केली आहे. ग्रंथातील स्वायत्ततेचा विचार आजही टिकाऊ ठरतो. मात्र स्थित्यंतर घडवून आणणाऱ्या शक्तीविषयीचे त्याचे गृहीतक दुर्बळ आहे. तसेच या सहकार्याने मूळ प्रश्न विस्तारला, तरी प्रतिनिधित्वाचा पेच त्याला सोडवता आला नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जागतिक व्यवस्था, स्वायत्तता, स्थित्यंतर, प्रतिनिधित्व, संशोधन सहकार्य, कारभार.

१. प्रस्तावना

सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने भवितव्यविषयक करार स्वीकारला. शांतता, विकास, तंत्रज्ञान, भावी पिढ्यांचे हित आणि जागतिक संस्थांची सुधारणा असे व्यापक विषय त्यात आले आहेत. सुरक्षा परिषदेच्या विस्ताराची आवश्यकताही त्यात मान्य केली आहे. तथापि या परिषदेच्या रचनेत शेवटचा बदल १९६५ मध्ये अमलात आला होता. त्या वेळी अस्थायी सदस्यांची संख्या सहावरून दहा करण्यात आली. पाच स्थायी सदस्य व त्यांचा नकाराधिकार जसाच्या तसा राहिला. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे संस्थापक सदस्य ५१ होते. आज सदस्यसंख्या १९३ आहे. सभासद वाढले, परंतु निर्णयाची चावी ज्यांच्या हाती होती त्यांच्याच हाती राहिली.

अशा परिस्थितीत जागतिक व्यवस्थेच्या भवितव्याची चर्चा दोन प्रकारे होते. संस्थांची डागडुजी कशी करावी, हा एक प्रकार. मुळात जग कसे असावे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, असे विचारणे हा दुसरा. पहिल्या प्रकारच्या लेखनाची वाण नाही. दुसऱ्या प्रकारचे लेखन विरळ आहे, आणि त्यातही तिसऱ्या जगातील अभ्यासकांना केवळ माहिती पुरवणारे न मानता सहविचारक म्हणून बरोबर घेणारे प्रयत्न तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. ‘वर्ल्ड ऑर्डर मॉडेल्स प्रोजेक्ट’ हा त्यांपैकी एक. महाराष्ट्रातील राज्यशास्त्राच्या अध्यापकांना कोठारी परिचित आहेत ते ‘पॉलिटिक्स इन इंडिया’ (१९७०) या ग्रंथामुळे आणि काँग्रेस व्यवस्थेच्या सिद्धांतामुळे. त्यांचा जागतिक व्यवस्थेवरील ग्रंथ मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. या ग्रंथाचा पुनर्विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. प्रकल्पाची पार्श्वभूमी

या प्रकल्पाची मुळे कायद्याच्या अभ्यासात आहेत. ग्रेनव्हिल क्लार्क व लुई सोन या अमेरिकन कायदेपंडितांनी ‘वर्ल्ड पीस थ्रू वर्ल्ड लॉ’ (१९५८) या ग्रंथात संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेची जवळजवळ नव्याने मांडणी केली होती. संपूर्ण निःशस्त्रीकरण, जागतिक पोलीस दल आणि लोकसंख्येचा विचार करून दिलेले प्रतिनिधित्व ही त्यांच्या योजनेची मुख्य अंगे होती. युद्ध टाळायचे असेल तर राष्ट्रांवर बंधनकारक असा कायदा हवा, ही त्यामागील श्रद्धा होती. या विचाराने प्रेरित झालेल्या न्यूयॉर्कस्थित संस्थेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॉल मेंडलोविट्झ यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या प्रदेशांतील अभ्यासकांना एकत्र आणण्यास प्रारंभ केला.

प्रत्येक अभ्यासगटाने तीन गोष्टी कराव्यात अशी अपेक्षा होती. वर्तमान जगाचे निदान करावे. १९९० च्या दशकासाठी आपल्याला हवेसे वाटणारे जग रेखाटावे. आणि येथून तेथवर जाण्याचा मार्ग सांगावा. ‘काय होईल’ या भाकितापेक्षा ‘काय व्हावे’ या मूल्यविचाराला येथे अग्रस्थान होते. त्या काळी आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासावर सत्तासमतोलाच्या वास्तववादी सिद्धांताचा आणि मूल्यनिरपेक्षतेच्या आग्रहाचा पगडा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या भूमिकेचे धाडस लक्षात येते.

या प्रकल्पातून मेंडलोविट्झ यांनी संपादित केलेला ‘ऑन द क्रिएशन ऑफ अ जस्ट वर्ल्ड ऑर्डर’ (१९७५) हा लेखसंग्रह आणि पाच स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाले. कोठारी यांचा ग्रंथ १९७४ मध्ये आला. त्यानंतर रिचर्ड फॉक यांचा ‘अ स्टडी ऑफ फ्यूचर वर्ल्ड्स’ (१९७५), अली मझरुई यांचा ‘अ वर्ल्ड फेडरेशन ऑफ कल्चर्स’ (१९७६), गुस्ताव्हो लागोस व होरासिओ गोदॉय यांचा ‘रेव्होल्यूशन ऑफ बीइंग’ (१९७७) आणि योहान गाल्टुंग यांचा ‘द ट्रू वर्ल्ड्स’ (१९८०) हे ग्रंथ आले. १९७५ मध्ये ‘ऑल्टरनेटिव्ह्ज’ हे नियतकालिक सुरू झाले. कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या विकासशील समाज अध्ययन केंद्राचा त्यात सहभाग होता.

या सहकार्यातील एक घटना विशेष उल्लेखनीय आहे. प्रारंभी प्रकल्पाचा विषय केवळ युद्धप्रतिबंध हा होता. परंतु तिसऱ्या जगातील अभ्यासक चर्चेत आल्यावर, दारिद्र्य व सामाजिक अन्याय यांना बाजूला ठेवून शांततेचा विचार करता येत नाही, हे मान्य करावे लागले. पुढे पर्यावरणाचाही समावेश झाला. हिंसेचे किमानीकरण, आर्थिक कल्याण, सामाजिक न्याय आणि पर्यावरणीय समतोल ही चार मूल्ये अशा रीतीने प्रकल्पाचा पाया ठरली. आंतरराष्ट्रीय सहकार्यात सहभागी अभ्यासकांनी दिलेल्या उत्तरांपेक्षा त्यांच्यामुळे मूळ प्रश्न बदलला की नाही, ही अधिक कठोर कसोटी होय. या कसोटीवर प्रकल्पाचा पहिला टप्पा उतरतो, हे निःसंशय.

३. कोठारी यांची मांडणी : स्वायत्ततेचा आग्रह

कोठारी यांच्या ग्रंथाचा केंद्रबिंदू स्वायत्तता हा आहे. व्यक्तीची स्वायत्तता आणि राष्ट्राची स्वायत्तता या दोहोंचा ते एकत्रित विचार करतात. माणसाला प्रतिष्ठेने जगता आले पाहिजे आणि त्यासाठी तो ज्या समाजाचा घटक आहे त्या समाजालाही स्वतःचे निर्णय स्वतः घेता आले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह आहे. त्यामुळेच जागतिक शासनाची कल्पना त्यांना आकर्षित करीत नाही. विषम बळाच्या राष्ट्रांवर एक केंद्रीय सत्ता उभी केली तर ती बलिष्ठांचीच सत्ता होईल, ही त्यांची भीती होती. क्लार्क व सोन यांच्या कायदेवादी परंपरेतून निघालेल्या प्रकल्पात ही भूमिका घेणे म्हणजे यजमानाच्या मूळ श्रद्धेलाच आव्हान देणे होते.

मग पर्याय कोणता? लहान व दुर्बळ राष्ट्रांनी प्रादेशिक संघांच्या रूपाने एकत्र यावे आणि त्यातून साधारणपणे तुल्यबळ घटकांचे जग निर्माण व्हावे, अशी कल्पना ते मांडतात. राष्ट्रराज्य नष्ट करण्याची त्यांना घाई नाही. वसाहतवादातून नुकत्याच मुक्त झालेल्या समाजांसाठी राज्यसंस्था ही एक संरक्षक भिंत आहे, असे ते मानतात. आर्थिक बाबतीत रोजगाराला प्राधान्य, उत्पन्नातील तफावतीला मर्यादा, ग्रामीण जीवनाची पुनर्रचना आणि संपन्न राष्ट्रांच्या उपभोगावर नियंत्रण ही त्यांची सूत्रे आहेत. यातील गांधीविचाराचा अंश स्पष्ट आहे. मात्र कोठारी गांधीवादी परिभाषेत अडकून पडत नाहीत. आधुनिक राज्यशास्त्राच्या भाषेत ते हा आशय मांडतात.

अन्य ग्रंथांशी तुलना केल्यास या मांडणीचे वेगळेपण अधिक ठळक होते. फॉक यांचा भर जागतिक पातळीवरील केंद्रीय मार्गदर्शन यंत्रणेवर आहे. संस्थांचे आराखडे, त्यांचे परस्परसंबंध आणि टप्पे यांची ते तपशीलवार आखणी करतात. ‘धिस एन्डेंजर्ड प्लॅनेट’ (१९७१) या आधीच्या ग्रंथात तर त्यांनी १९७० चे दशक जागृतीचे, १९८० चे संघटनेचे व १९९० चे परिवर्तनाचे, अशी संभाव्य वाटचाल मांडली होती. गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडलेली संरचनात्मक हिंसेची संकल्पना त्यांच्या विवेचनाच्या मुळाशी आहे. मझरुई हे संस्थांच्या आधी संस्कृतीकडे वळतात. समान मूल्ये व अभिरुची निर्माण झाल्याखेरीज समान संस्था टिकणार नाहीत, असे ते म्हणतात.

या सर्वांमध्ये कोठारी सत्तेच्या प्रश्नाला सर्वाधिक थेट भिडतात. आराखडा कितीही न्याय्य असला तरी तो राबवणाऱ्यांमध्ये विषमता असेल तर न्याय संभवत नाही, हे त्यांचे म्हणणे साधे आहे. पण पुढील काळाने त्याची वारंवार प्रचिती दिली. १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक सदस्याला समान मत आहे. तरीही वाटाघाटीच्या मेजावर वकिलांची व तज्ज्ञांची फौज बाळगणारे राष्ट्र आणि मोजक्या अधिकाऱ्यांवर भिस्त असणारे राष्ट्र यांचे बळ समान नसते. औपचारिक समता आणि वास्तव स्वायत्तता यांतील हे अंतर कोठारींच्या ग्रंथाने आधीच हेरले होते.

४. स्थित्यंतर कोण घडवणार?

ग्रंथाचे बलस्थान जसे सत्तेच्या जाणिवेत आहे, तशीच त्याची मर्यादाही तेथेच आहे. राष्ट्राराष्ट्रांमधील सत्ताविषमता कोठारी अचूक ओळखतात. राष्ट्राच्या आतील सत्तेकडे मात्र ते तितक्याच संशयाने पाहत नाहीत. स्थित्यंतराचा भार ते प्रामुख्याने तिसऱ्या जगातील राज्यांच्या परस्परसहकार्यावर आणि तेथील विचारवंतांच्या नेतृत्वावर टाकतात. या आशेला त्या काळात आधार नव्हता असे नाही. १९७३ मध्ये अल्जिअर्स येथे अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषद झाली होती. त्याच वर्षी तेल उत्पादक देशांनी आपले सामर्थ्य दाखवून दिले होते. १ मे १९७४ रोजी आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा संमत केला. दक्षिणेकडील राज्ये एकत्र आली तर जगाचे नियम बदलू शकतील, असे वाटण्याजोगे ते दिवस होते.

परंतु ज्या वर्षी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८ मे १९७४ रोजी, भारताने पोखरण येथे अणुचाचणी केली. पुढच्याच वर्षी २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली. ज्या राज्यसंस्थेला माणसाच्या स्वायत्ततेची संरक्षक भिंत मानले होते, तिनेच नागरिकांना भिंतीआड डांबले. राष्ट्राची स्वायत्तता वाढली म्हणजे माणसाची स्वायत्तता वाढतेच असे नाही. कित्येकदा पहिलीच्या नावाने दुसरीचा बळी दिला जातो. ग्रंथाने ज्या दोन स्वायत्तता एकाच सूत्रात ओवल्या होत्या, त्या प्रत्यक्षात परस्परांच्या विरोधात उभ्या ठाकल्या.

या आक्षेपाचे सर्वांत प्रभावी समर्थन खुद्द कोठारींच्या पुढील वाटचालीत सापडते. आणीबाणीचे ते टीकाकार बनले. १९८० मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘लोकायन’ सुरू झाले. पक्षबाह्य राजकीय प्रक्रियेविषयी त्यांनी १९८४ मध्ये लिहिले, आणि ‘स्टेट अगेन्स्ट डेमॉक्रसी’ (१९८८) या ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांचा भ्रमनिरास व्यक्त झाला. आपल्याच ग्रंथाचे असे परखड पुनर्मूल्यांकन करण्याचा प्रांजळपणा अभ्यासकांत क्वचितच आढळतो. म्हणून ‘फूटस्टेप्स’ हा ग्रंथ एकटा वाचणे अपुरे ठरते. तो ‘स्टेट अगेन्स्ट डेमॉक्रसी’च्या सोबत वाचला तरच कोठारींच्या विचाराचा पूर्ण पल्ला ध्यानात येतो.

येथे महाराष्ट्रातील एका उदाहरणाचा विचार उद्बोधक ठरेल. कोठारी रोजगारकेंद्रित अर्थव्यवस्थेचा आग्रह धरीत होते, त्याच सुमारास १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आकार घेत होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने अधिष्ठान दिले. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला, आणि त्यातून जमा होणाऱ्या रकमेइतकाच वाटा शासनाने घालावा असे ठरले. महाविद्यालयीन अध्यापकांच्या वेतनपत्रकात दरमहा दिसणारी व्यवसाय कराची कपात हा त्याच निर्णयाचा वारसा आहे. नियमित वेतन असणाऱ्याने दुष्काळी भागातील मजुराच्या कामाच्या हक्काचा खर्च उचलावा, हे तत्त्व त्यात होते. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय पातळीवर रोजगार हमीचा कायदा केला, त्याची पूर्वपीठिका या योजनेत आहे.

जागतिक पातळीवर याच तत्त्वाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७२ मध्ये चलन व्यवहारांवरील कराची कल्पना मांडली होती. सट्टेबाजीला आळा घालणे हा तिचा मूळ हेतू होता. पुढे या कराचे उत्पन्न विकासासाठी वापरावे अशी मागणी झाली. तो जागतिक कर अद्याप अस्तित्वात आला नाही. महाराष्ट्रात जे शक्य झाले ते जगात का होऊ शकले नाही? महाराष्ट्रात दुष्काळग्रस्तांना मत होते, मोर्चा काढण्याची मोकळीक होती आणि दाद मागण्यासाठी विधिमंडळ होते. जागतिक व्यवस्थेत दरिद्री माणसाला असे कोणतेही दालन नाही. त्याच्या वतीने त्याचे राज्य बोलते, आणि ते नेहमी त्याचेच बोलेल याची शाश्वती नसते. म्हणजेच पर्यायाची वानवा नव्हती. पर्याय राबवण्यास भाग पाडणारी शक्ती नव्हती. कोठारींच्या ग्रंथात जी पोकळी राहिली ती नेमकी हीच.

५. सहकार्याची रचना आणि प्रतिनिधित्वाचा पेच

ग्रंथाच्या आशयाइतकीच त्यामागील सहकार्याची रचनाही चिकित्सेस पात्र आहे. पहिला प्रश्न प्रतिनिधित्वाचा. एका अभ्यासकाने एका खंडाच्या वा उपखंडाच्या वतीने बोलावे, ही प्रकल्पाची मूळ रचना होती. गाल्टुंग यांनी प्रादेशिक भूमिकेऐवजी राष्ट्रातीत भूमिका घेतली हा अपवाद. सोव्हिएत संघ, चीन व जपान यांच्या वतीने स्वतंत्र ग्रंथ या मालेत आलाच नाही. जपानचे योशिकाझू साकामोतो यांचा निबंध लेखसंग्रहात आहे. चीनविषयीचे विवेचन पॉल लिन या कॅनडास्थित अभ्यासकाने केले आहे. शीतयुद्धाच्या काळात जगाच्या भवितव्याचा आराखडा करताना एक महासत्ता व जगातील सर्वाधिक लोकसंख्येचा देश यांचा आवाज क्षीण राहणे ही सामान्य उणीव नव्हे.

दुसरे असे की, या पाच ग्रंथांच्या सहा लेखकांमध्ये एकही स्त्री नाही. १९७५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरे केले. भारतातील स्त्रियांच्या स्थितीचे भेदक दर्शन घडवणारा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा अहवाल डिसेंबर १९७४ मध्ये सादर झाला. प्रश्न उपलब्ध होता, अभ्यासिका उपलब्ध होत्या. निमंत्रणाच्या यादीत मात्र त्या नव्हत्या. ‘त्या काळात तसेच चालत असे’ हे समर्थन पुरेसे नाही, कारण त्याच्याही पंचवीस वर्षे आधीचे एक उदाहरण समोर आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दप्रयोगाऐवजी ‘सर्व मानव’ असा शब्दप्रयोग यावा, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. एका व्यक्तीच्या उपस्थितीने जागतिक दस्तऐवजातील पहिल्याच कलमाची भाषा बदलली. उपस्थितीचे मोल काय असते, हे सांगण्यास यापेक्षा वेगळा पुरावा नको.

तिसरा प्रश्न भाषेचा. मझरुई यांनी आपल्या ग्रंथात प्रत्येक मुलाने तीन भाषा शिकाव्यात असे सुचवले आहे : एक जागतिक भाषा, एक प्रादेशिक भाषा आणि एक राष्ट्रीय वा स्वसमूहाची भाषा. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील त्रिभाषा सूत्राची आठवण करून देणारी ही सूचना आहे. जागतिक व्यवस्थेचा प्रश्न हा भाषेचाही प्रश्न आहे, हे ओळखल्याबद्दल मझरुई यांना श्रेय द्यावे लागेल. परंतु त्यांच्या उतरंडीत मराठीसारखी कोट्यवधींची भाषा तळाच्या पायरीवर येते. घरात व गावात बोलण्याची, जगाविषयी विचार करण्याची नव्हे. प्रकल्पातील ग्रंथमाला तर इंग्रजीतच सिद्ध झाली. ज्यांच्या भवितव्याचा विचार झाला त्यांपैकी बहुसंख्यांना ती वाचता येणे शक्य नव्हते. जगाचा विचार करण्याची परंपरा मराठी मुलखाला परकी नाही. कुलाबा जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘जय जगत्’ हा घोष रूढ केला, तो ग्रामदानासाठी गावोगाव पायी फिरत असताना. गाव आणि जग यांच्यामधील दुवा त्यांनी लोकांच्या भाषेत शोधला. त्या घोषामागे संस्थात्मक आराखडा नव्हता ही त्याची मर्यादा. आणि प्रकल्पाच्या आराखड्यांमागे लोकांची भाषा नव्हती ही त्यांची मर्यादा.

६. ‘व्यवस्था’ ते ‘कारभार’

१९९० च्या दशकात, म्हणजे प्रकल्पाने ज्या दशकाचे स्वप्न पाहिले होते त्याच दशकात, या अभ्यासक्षेत्राची परिभाषाच बदलली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. १९९२ मध्ये जेम्स रोझेनाऊ व अर्न्स्ट-ओटो झेंपील यांनी संपादित केलेला ‘गव्हर्नन्स विदाउट गव्हर्न्मेंट’ हा ग्रंथ आला. १९९५ मध्ये इंगवार कार्लसन व श्रीदत्त रामफळ यांच्या सहअध्यक्षतेखालील आयोगाने ‘अवर ग्लोबल नेबरहूड’ हा अहवाल प्रसिद्ध केला. अर्थशास्त्रज्ञ आय. जी. पटेल हे या आयोगाचे एक सदस्य होते. ‘जागतिक व्यवस्था’ या संज्ञेची जागा ‘ग्लोबल गव्हर्नन्स’ या संज्ञेने घेतली.

मराठीत ‘गव्हर्नन्स’साठी बहुधा ‘शासन’ हा शब्द योजला जातो. परंतु ‘महाराष्ट्र शासन’ म्हणताना जो अर्थ अभिप्रेत असतो तो सरकारचा. सरकारविना चालणाऱ्या नियमनाचा अर्थ त्यातून निघत नाही. ‘कारभार’ हा रूढ शब्द अधिक जवळचा आहे. त्याचा एक लाभ असा की, कारभार म्हटले की कारभारी आलाच, आणि कारभारी हा धनी नसतो. तो कोणाच्या तरी वतीने काम पाहतो व त्याने हिशेब देणे अपेक्षित असते. जगाचा कारभार कोण, कोणाच्या वतीने पाहतो आणि हिशेब कोणाला देतो, हा प्रश्न मराठी शब्द आपोआप उभा करतो. इंग्रजी संज्ञेत तो सहज झाकला जातो. ‘गव्हर्नन्स’च्या साहित्यात जाळी, भागधारक, समन्वय आणि कार्यक्षमता यांची चर्चा विपुल आहे, धनी कोण, हा प्रश्न क्वचितच येतो. प्रकल्पाच्या ग्रंथांमध्ये अनेक दोष असले तरी हा प्रश्न त्यांनी नजरेआड होऊ दिला नव्हता. परिभाषेच्या बदलात जे गमावले ते हेच.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. कोठारी यांचा ग्रंथ हा जागतिक व्यवस्थेच्या विचारात तिसऱ्या जगाने टाकलेला स्वतंत्र पाऊलठसा आहे. विषम जगात केंद्रीय सत्तेपेक्षा स्वायत्तता महत्त्वाची, हे त्याचे मध्यवर्ती सूत्र आजही ग्राह्य आहे. राष्ट्राची स्वायत्तता व माणसाची स्वायत्तता यांतील विरोध मात्र त्याने पुरेसा ओळखला नाही. ती दुरुस्ती कोठारींनी पुढे स्वतःच केली. प्रकल्पाच्या सहकार्याने मूळ प्रश्न युद्धप्रतिबंधापासून न्यायापर्यंत विस्तारला, हे त्याचे खरे यश होय. प्रतिनिधित्व, लिंगभाव आणि भाषा या तीन बाबतींत मात्र ते अपुरे पडले.

जागतिक व्यवस्थेच्या भवितव्यावर आजही आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्प उभे राहतात, आणि महाविद्यालयीन अध्यापकांना त्यांत सहभागी होण्याच्या संधी पूर्वीपेक्षा अधिक आहेत. परंतु परिषदेच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द असणे आणि संशोधनाचा प्रश्न ठरवण्यात वाटा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाहेर ठरलेल्या चौकटीत स्थानिक माहिती भरून देणे म्हणजे सहकार्य नव्हे. ती केवळ वेठ आहे. १९७२ च्या दुष्काळातून निघालेला रोजगाराचा हक्क, त्याला पैसा पुरवणारा कर आणि ‘कारभार’ या शब्दात दडलेला उत्तरदायित्वाचा अर्थ ही सामग्री महाराष्ट्रातील अभ्यासकाच्या हाताशी आहे. ती आपल्या भाषेत सिद्धांताच्या पातळीवर मांडण्याचे काम बाहेरचा कोणी करणार नाही. न्यूयॉर्कच्या मेजावर बसून यजमानाच्या श्रद्धेलाच प्रश्न विचारणारे कोठारी या संदर्भात आजही मार्गदर्शक ठरतात. त्यांची उत्तरे कालबाह्य झाली असतील. जग कसे असावे हे कोणी ठरवायचे, हा त्यांचा प्रश्न कालबाह्य झालेला नाही.